डोंगर धरून ठेवणारा बर्फ

रामबाड्यापाशी केदारनाथची जुनी वाट तुटते. जून २०१३ च्या पुरापर्यंत इथे धर्मशाळा होत्या, चहाची दुकानं होती. आता धोंडे आणि मंदाकिनी नदी. पूल ओलांडून पलीकडच्या काठाने नवी वाट चढते, जुनीपेक्षा लांब आणि खडी. पंढरीच्या वाटेवर पाऊस आला की मन सुखावतं. इथे थेंब पडला की सगळे वर, दरडीकडे पाहतात. अशाच एका वळणावर दम खायला टेकले, तर खेचरवाल्याने लगेच उठवलं. "माताजी, इथे नको, पुढे बसा."

केदारनाथ ३,५८३ मीटरवर. दर्शन झालं, डोळे भरून आले. देवळामागच्या भीमशिलेला सगळे हात लावत होते. पुरात वाहत आलेली ती शिळा देवळामागेच अडली आणि पाणी दोन्ही बाजूंनी फाकलं. "देवानं राखलं," सोबतचे काका म्हणाले. मीही हात जोडले.

दुसऱ्या दिवशी भैरवनाथाच्या टेकडीवर गेले, तेव्हा शिळा कुठल्या लोंढ्याबरोबर आली ते दिसलं. चोराबारी हिमनदी मागे सरलीय आणि जाताना दगडमातीचे उंच बांध सोडून गेलीय. भूगोलात त्यांना हिमोढ म्हणतात. हिमनदी भरलेली असते तोवर ती या बांधांना आणि कड्यांना आतून टेकू देते. ती आटली की टेकू जातो आणि सुटा राडारोडा तीव्र उतारावर नुसता उभा राहतो. अशाच एका बांधामागे चोराबारी ताल, म्हणजे तळं, होता. त्याला बाहेर पडायला ओढा नव्हता, पाणी झिरपूनच जायचं. त्या जूनमध्ये मान्सून फार लवकर पोचला. वर हिवाळ्यातलं बर्फ अजून शिल्लक होतं, त्यावर मुसळधार पाऊस पडला, वितळलेलं आणि पडलेलं पाणी एकत्र साठलं. १७ जूनच्या सकाळी बांध फुटला आणि ताल काही मिनिटांत रिकामा झाला. हजारो माणसं गेली. पाऊस कारण होताच, पण तो कशावर पडला हेही तितकंच महत्त्वाचं. उंचावर पूर्वी जे हिम म्हणून पडून राहायचं, ते आता अधिकाधिक वेळा पाणी होऊन पडतं.

हिमनदीचं मागे सरणं डोळ्यांना दिसतं. मला जास्त धास्ती वाटते ती न दिसणाऱ्या बर्फाची. उंच कड्यांच्या भेगांत वर्षानुवर्षं गोठलेलं पाणी खडकांना सांधून ठेवतं. ऊब आत शिरली की तो सांधा सैल होतो. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी याच उत्तराखंडात, चमोली जिल्ह्यात, रोंती शिखराचा कडा तुटला. सुमारे २.७ कोटी घनमीटर खडक आणि बर्फ खाली आला, ऋषिगंगा आणि धौलीगंगेच्या खोऱ्यात दोनशेहून अधिक माणसं मृत वा बेपत्ता झाली. त्या एका घटनेचा सगळा दोष तापमानवाढीवर टाकता येत नाही. पण तो महिना पावसाळ्याचा नव्हता, तिथे ताल फुटला नव्हता. म्हणून "पावसाळा टाळला की झालं" हा यात्रेकरूंचा हिशेब मला पुरेसा वाटत नाही.

काकांना हे सगळं सांगितलं. ते बराच वेळ बांधाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे ताई, धोका देवळाला नाही, वाटेला आहे." मी म्हटलं, दोघांनाही, आणि खालच्या गावांना सगळ्यात आधी.