घरचं सिंकथिंग: डिस्क, डिलीट आणि ‘ऱ्या’

१ जून २०२१ पासून गुगल फोटोजवर नव्याने चढवलेले फोटो १५ जीबीच्या मोफत कोट्यात मोजले जाऊ लागले. तेव्हापासून घरच्या साठवणीचा विचार अनेक जण करतात. फोन आणि लॅपटॉपमधल्या फाइली जुळत्या ठेवणं एवढीच गरज असेल, तर नेक्स्टक्लाउडचा, म्हणजे स्वतःच्या सर्व्हरवर चालवायच्या क्लाउड सेवेचा, पसारा मांडू नका. त्याचा डेटाबेस, पीएचपी, वेब सर्व्हर सगळं कायम सांभाळावं लागतं. सिंकथिंग हे उपकरणांमधल्या फाइली आपसांत जुळत्या ठेवणारं सॉफ्टवेअर; त्यात दोन उपकरणांनी एकमेकांचा डिव्हाइस आयडी (ओळखीचा कोड) स्वीकारला की काम सुरू होतं. घरी पब्लिक आयपी (बाहेरून थेट पोहोचता येणारा इंटरनेट पत्ता) नसेल आणि थेट जोडणी जमली नाही, तर ते रिलेमार्गे, म्हणजे मधल्या सर्व्हरमार्फत, जोडलं जातं. त्यात वेग कमी होतो, पण मजकूर कूटबद्धच जातो.

घरी सतत चालू ठेवायला रास्पबेरी पाय (पुढे नुसतं ‘पाय’) हा छोटा संगणक वापरत असाल, तर आधी त्याची डिस्क नीट करा. रास्पबेरी पाय ४ च्या चारही यूएसबी पोर्टना मिळून १.२ अँपिअरच मिळतात. अडीच इंची फिरती डिस्क सुरू होताना बराच करंट ओढते आणि कमी पडला की मधूनच गायब होते. एसएसडी घ्या, किंवा स्वतःचा अडॅप्टर असलेला हब लावा. फॉरमॅट ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल सिस्टिम) ठेवा. एक्सफॅट या दुसऱ्या फॉरमॅटला जर्नल (बदलांची आगाऊ नोंद) नसतं, त्यामुळे लिहिताना वीज गेली तर नुकसानीचा धोका जास्त.

डिस्क माउंट झाली नाही, म्हणजे सिस्टिमला जोडली गेली नाही, तर सिंकथिंगला फोल्डरमधली ‘डॉट एसटीफोल्डर’ ही खूण सापडत नाही आणि ते थांबतं. हे थांबणं तुमच्या भल्याचं आहे. एरर घालवायला ती खूण हाताने बनवू नका! रिकामा फोल्डर म्हणजे ‘सगळं डिलीट केलं’ असा अर्थ लावला जाईल आणि ते डिलीट प्रत्येक उपकरणावर पोहोचेल. आधी माउंट तपासा.

फोनवर जागा करायला फोटो पुसले तर ते पायवरूनही जातात, फोनचा फोल्डर ‘सेंड ओन्ली’ (फक्त पाठवणारा) असला तरी. म्हणून पायवर ‘स्टॅगर्ड’ व्हर्जनिंग, म्हणजे बदललेल्या-पुसलेल्या फाइलींच्या जुन्या प्रती ठेवणारी सोय, लावा. व्हर्जनिंग फक्त दुसरीकडून आलेल्या बदलांना लागू होतं, म्हणून ते फोनवर लावून फोनवरच पुसलेला फोटो परत मिळत नाही. शिवाय रोज रात्री आरसिंक या प्रती काढणाऱ्या प्रोग्रॅमने, डिलीटचा पर्याय न देता, सिंकबाहेरच्या फोल्डरात प्रत काढा. एक प्रत वेगळ्या डिस्कवर हवीच. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे.

आता मराठी फाइलनावं, ज्यांबद्दल इंग्रजी मार्गदर्शकांत सहसा काहीच नसतं. ईएक्सटी४ वर नावाची मर्यादा २५५ बाइटची आहे. देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, मात्रा, हलंत ३ बाइट खातं, म्हणजे नाव जेमतेम ८५ चिन्हांचं. विंडोजच्या एनटीएफएसवर मात्र २५५ देवनागरी चिन्हं बसतात. त्यामुळे ‘सातबारा उतारा’पासून सुरू होऊन गट नंबर, गाव, तालुका, तारीख असं लांबलेलं नाव लॅपटॉपवर चालतं आणि पायवर ‘फेल्ड आयटम्स’मध्ये (न जुळलेल्या फाइलींच्या यादीत) अडकतं. नाव छोटं करा, बाकी तपशील फोल्डरच्या नावात द्या.

‘दुसऱ्या’मधला ‘ऱ’ त्याहून फसवा. तो एकच चिन्ह म्हणून लिहिता येतो, ‘र’ आणि नुक्ता (खालचा टिंब) अशी जोडी म्हणूनही. जुन्या मॅकची एचएफएस प्लस फाइल सिस्टिम तो असा फोडूनच साठवते. हा फरक सिंकथिंग आपोआप जुळवतं. पण काही कीबोर्ड ‘र’, हलंत आणि झीरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह) वापरून तेच रूप उमटवतात. ते युनिकोडच्या नॉर्मलायझेशनमध्ये (समान चिन्हं एका रूपात आणण्याच्या नियमांत) बसत नाही, म्हणून डोळ्यांना अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन फाइली शेजारी-शेजारी नांदतात आणि शोधताना एकच सापडते. छोट्या पायथन स्क्रिप्टने ‘र, हलंत, जॉइनर’च्या जागी ‘ऱ, हलंत’ घाला. पण सगळी उपकरणं ‘अप टू डेट’ दिसल्यावरच, आणि एकाच यंत्रावर. त्याच फोल्डरात त्या नावाची फाइल आधीच असेल तर स्क्रिप्टने तिच्यावर न लिहिता थांबावं, एवढी अट त्यात जरूर घाला.