मामाजींचा मर्फी अन् ७१ चा डिसेंबर

आज नागपूरच्या महाल भागात मामाजींकडे गेलो, काम पाच मिनिटांचं होतं पण माळ्यावरून त्यांचा जुना मर्फी रेडिओ निघाला अन् मामाजी सरळ १९७१ मध्येच जाऊन बसले 😄 वाड्यात तेव्हा हा एकच सेट, छतावर जाळीची एरियल, पोस्टातून काढलेलं लायसन्स (हो बाप्पा, रेडिओलाही लायसन्स लागायचं), व्हॉल्व्ह (आतल्या काचेच्या नळ्या) तापायला वेळ लागतो म्हणून बातम्यांच्या आधीच सुरू करून ठेवायचा. ३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानने आपल्या विमानतळांवर हल्ले केले, इंदिरा गांधी रेडिओवर बोलल्या त्या मध्यरात्र उलटल्यावर, तोवर अख्खा वाडा जागा. मग रोज संध्याकाळी तेच, आधी आकाशवाणी मग बीबीसी, आजोबा म्हणायचे दोन्हीकडे सारखं सांगितलं तरच खरं मानायचं. हे मला जबरी वाटलं, आज व्हॉट्सॲपवर कोण करते एवढं?

अंधार पडल्यावर लांबची स्टेशनं का लागतात तेही कागद घेऊन समजावून राहिले होते, मीडियम वेव्ह (रेडिओची लहर) दिवसा वातावरणाच्या वरच्या थरात शोषली जाते, रात्री त्याच्याही वरच्या थरावरून खाली परत येते. आपले लष्करप्रमुख माणेकशांनी पाकिस्तानी सैन्याला शरण या म्हणून दिलेले निरोपही रेडिओवरूनच गेले होते.

१६ तारखेला ढाक्यात शरणागती, ९३ हजारांच्या आसपास युद्धकैदी, अन् एरवी नळाच्या पाण्यावरून भांडणाऱ्या घरमालकाने सगळ्यांना जिलेबी वाटली म्हणे 😂

बर्डीकडे जुने व्हॉल्व्ह सेट दुरुस्त करणारं कोणी आहे का अजून? मामाजी मागे लागलेत.