मसाई पठारासाठी तारकापट तयार करताना

फेब्रुवारीच्या मध्यास शाळेच्या नववीच्या विद्यार्थ्यांना पन्हाळ्यापलीकडील मसाई पठारावर आकाशदर्शनासाठी न्यायचे ठरले, तेव्हा प्रत्येकाच्या हाती त्या रात्री नऊ वाजताच्या आकाशाचा छापील नकाशा द्यावा, अशी माझी इच्छा होती. त्यासाठी मी स्टेलेरियम ही विनामूल्य संगणकप्रणाली वापरली. पहिला नकाशा दहा मिनिटांत तयार झाला, पण तो निरुपयोगी ठरला. सहाव्या प्रतीपर्यंतचे (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचे माप; आकडा जितका मोठा तितका तारा मंद) दोन हजारांहून अधिक तारे कागदावर जवळपास सारख्याच आकाराच्या ठिपक्यांनी उमटले होते आणि त्यांत मृग नक्षत्र मलाही क्षणभर शोधावे लागले.

प्रथम स्थान तपासले. प्रणालीने इंटरनेटवरून आपोआप मुंबई धरली होती. कोल्हापूरचे अक्षांश सुमारे १६.७ अंश उत्तर, मुंबईचे सुमारे १९. म्हणजे ध्रुवतारा प्रत्यक्षापेक्षा दोन अंशांहून अधिक वर आणि दक्षिणेचा अगस्त्य तारा तितकाच खाली दिसत होता. अगस्त्य आपल्याकडे मुळातच क्षितिजापासून २० अंशांच्या आसपासच चढतो, त्यामुळे ही चूक मला क्षुल्लक वाटली नाही. प्रणाली क्षितिजावर आपोआप दाखवते त्या मूळ देखाव्यातील झाडे आणि घरे फ्रान्समधील एका गावची आहेत. त्यांच्या जागी समुद्राचे सपाट क्षितिज घेतले.

खरा वेळ गेला तो तारे कमी करण्यात. एफ४ कळ दाबून उघडणाऱ्या चौकटीत प्रकाशप्रदूषणाची पातळी बॉर्टल श्रेणीनुसार १ (सर्वांत काळोखे आकाश) ते ९ (सर्वांत उजळ) अशी ठरवता येते. कोल्हापूरच्या दिव्यांचा उजेड पठारावरून आग्नेयेला जाणवतो, म्हणून मी ४ आणि मग ५ हा आकडा दिला. परंतु पडद्यावर काहीच बदलले नाही. बराच वेळ मी आकडे वरखाली करीत राहिले. शेवटी कारण उमगले: छपाईसाठी पार्श्वभूमी एकसारखी काळी हवी म्हणून मी प्रणालीतील वातावरण, म्हणजे हवेमुळे आकाशाला येणारा उजेड दाखवण्याची सोय, बंद केले होते आणि प्रकाशप्रदूषणाचा परिणाम वातावरण चालू असतानाच दाखवला जातो. वातावरण सुरू करताच तारे विरळ झाले खरे, पण आकाशाला करडी छटा आली आणि रंग उलटवून छापल्यावर ती कागदावर डागासारखी उमटली.

म्हणून वातावरण पुन्हा बंद ठेवून ताऱ्यांच्या प्रतीची मर्यादा थेट ४.५ ठरवली. त्यामुळे पानावर काही शे तारेच राहिले. त्यानंतर ताऱ्यांच्या आकाराच्या दोन मापांकडे वळले. निरपेक्ष माप वाढवले की सगळेच ठिपके फुगतात. सापेक्ष माप वाढवले की तेजस्वी आणि मंद ताऱ्यांतील फरक ठळक होतो. आपल्याला हवे ते हे दुसरे. ते १ वरून १.४ केल्यावर उणे १.५ प्रतीचा व्याध आणि उणे ०.७ प्रतीचा अगस्त्य पाहताक्षणी ओळखू येऊ लागले. नक्षत्ररेषा ठेवल्या, चित्रे काढून टाकली आणि मराठी नावे मी हाताने लिहिली, कारण मुलांनी मृग, रोहिणी, व्याध हीच नावे घरात ऐकलेली असतात.

दुसऱ्या दिवशी संगणक सुरू केला तर सगळी जुळवणी नाहीशी झाली होती. एफ२ कळीने उघडणाऱ्या चौकटीतून ती मुद्दाम जतन करावी लागते, हे मला ठाऊक नव्हते. सगळे पुन्हा केले, या वेळी आकडे वहीत टिपून, आणि नकाशाच्या ४० छापील प्रती कोल्हापुरातील शाहूपुरीतून काढून आणल्या. नकाशा डोक्यावर उलटा धरून पाहायचा असल्याने त्यात पूर्व डाव्या हाताला येते, एवढे मात्र बसमध्येच समजावून सांगितले.

पठारावर रात्री नऊच्या सुमारास एका मुलीने हात ताणून क्षितिजावर दोन मुठी (ताणलेल्या हाताची एक मूठ म्हणजे सुमारे १० अंश) एकावर एक ठेवल्या आणि वरच्या मुठीलगत दिसलेल्या ताऱ्यावर कागदावरचे नाव वाचले, "अगस्त्य."