कोप्रिवश्तित्साची दारं

कोप्रिवश्तित्सा हे नाव तोंडात बसेपर्यंत स्टेशन येतं, आणि उतरल्यावर कळतं की गाव अजून नऊ-दहा किलोमीटर लांब आहे. बल्गेरियाची राजधानी सोफिया, तिथून शंभरेक किलोमीटर, स्रेद्ना गोरा डोंगरात, हजार मीटरच्या वर. गाडीला जोडून एक छोटी बस असते, ती चुकवू नये. मी चुकवली.

गावात शिरल्यावर आधी घरं दिसतच नाहीत. दिसतात उंच दगडी कुंपणं, त्यांवर कौलं आणि मधूनमधून काळपट लाकडी दारं. गाडी आत जाईल एवढं मोठं दार आणि माणसापुरतं छोटं. आपल्या वाड्यांचा दिंडी दरवाजा आठवला. या दारांवर कागद चिकटवलेले होते, फोटो आणि नावासकट. आधी वाटलं, निवडणूक आहे. मग खालचे आकडे वाचले : ४० दिवस, १ वर्ष, १० वर्षं. आपण पेपरात पुण्यस्मरण छापतो, हे लोक दारावर लावतात. एका फोटोतल्या आजोबांच्या मिशा पावसाने ओघळून गळ्यापर्यंत आल्या होत्या.

दारामागे मात्र रंगच रंग. ओस्लेकॉव्ह घराच्या दर्शनी भिंतीवर परदेशी शहरांची चित्रं आहेत. पुढचे सरूचे खांब लेबनॉनहून आणले म्हणतात. मालक लोकरी कापडाचा व्यापारी. १८७६च्या उठावात बंडवाल्यांचे गणवेश त्याने शिवून दिले आणि त्यापायी फासावर गेला. तिकीट देणाऱ्या बाईंना मी विचारलं, वरचा मजला बघता येईल का? त्यांनी मान आडवी हलवली. मी हिरमुसून वळलो, तर त्या मागून हाका मारायला लागल्या. इथे आडवी मान म्हणजे ‘हो’.

तुर्की सत्तेविरुद्धच्या त्या एप्रिल उठावाची पहिली गोळी इथल्याच एका छोट्या दगडी पुलावर सुटली. उठाव चिरडला गेला. शेजारचं क्लिसुरा जळून खाक झालं. कोप्रिवश्तित्साच्या धनिकांनी पैसे मोजून आपलं गाव सोडवलं. पुलाचा फोटो सगळे काढतात. पैसे मोजणाऱ्यांची आठवण फारशी कुणी काढत नाही, पण आपण तिकीट काढून बघतो ती घरं उभी राहिली ती त्यांच्यामुळे. उठाव करणाऱ्यांना ते भेकड वाटले असतील. मला नाही वाटत.

चर्चच्या आवारात दिम्चो देबेल्यानोव्हची कबर आहे. हा कवी १९१६ साली, २९व्या वर्षी, ग्रीसच्या आघाडीवर पडला. वडिलांच्या घरी परतण्यावर त्याने कविता लिहिली होती. अस्थी गावी यायला १९३१ उजाडलं. कबरीपाशी शिल्पकार इव्हान लाझारोव्हने घडवलेली आई बसली आहे, वाट बघत. तिथे फार वेळ थांबवत नाही.

परतताना एका दाराशी एक आजी जुना कागद खरवडून नवा लावत होत्या. फोटोतला माणूस तरुण होता. मी फोन दाखवून खुणेनं विचारलं, काढू का? त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि मान आडवी हलवली. मी ओशाळून फोन खिशात टाकला, हात जोडले आणि उतारावरून निघालो.

बसमध्ये बसल्यावर आठवलं, त्या ‘हो’ म्हणाल्या होत्या.