माकडाच्या हाती कोलीत

पोकेमॉन नावाच्या व्हिडिओ गेमच्या जगात पोरगं दहा वर्षांचं झालं की प्रोफेसर ओक त्याला बोलावून घेतात आणि समोर तीन प्राणी ठेवतात. एक गवताचा, एक पाण्याचा, एक आगीचा. घे हवा तो आणि लाग वाटेला. आपल्याकडे दहा वर्षांच्या मुलाला गॅसजवळ फिरकू देत नाहीत. तिथे शेपटीला जाळ असलेला सरडा देऊन त्याला एकट्याला रानावनात धाडतात आणि आई दारात उभी राहून हसतमुखाने टाटा करते. दिवाळीत फुलबाजी हातात देतानासुद्धा आपण सुती कपडे घाल, पायात चपला घाल, पाण्याची बादली जवळ ठेव अशा सतरा सूचना करतो. तिथे तेवढंही कोणी बोलत नाही.

आणि तरी आमच्या वर्गात ज्याला विचाराल त्याला आगीचाच हवा असायचा.

हे सगळं प्रकरण जपानमध्ये सुरू झालं २७ फेब्रुवारी १९९६ ला, गेम बॉय नावाच्या हातात मावणाऱ्या यंत्रावर. कर्ता सातोशी ताजिरी. त्याला लहानपणी किडे पकडून जमवायचा नाद होता, त्या नादातून पुढे खेळाची कल्पना निघाली. आमच्या हाती गेम बॉय कुठून येणार? आमच्याकडे पोकेमॉन आला तो टीव्हीवरून, हिंदी बोलत. शाळेतून आलं की दप्तर कोपऱ्यात आणि आपण टीव्हीपुढे. खेळ खेळायला मिळाला तो आत्ता, भाचीच्या कृपेने. म्हणजे खेळते ती. मी शेजारी बसून पोकेडेक्स वाचतो.

पोकेडेक्स हा त्या जगातला प्राणिकोश. प्रत्येक प्राण्याची उंची, वजन आणि दोन-तीन ओळींची माहिती. लिहिणाऱ्याने आव आणलाय शास्त्रज्ञाचा, पण सूर थेट शेजारच्या काकूंचा आहे. आगीच्या प्राण्यांबद्दल लिहिताना तर काकू फारच रंगात येतात. कोण किती जाळू शकतो हे त्या एका वाक्यात उरकतात. मग पुढे पावसात याचं काय होतं, सर्दी झाली की काय होतं, रात्री झोपताना हा काय करतो, याला काय खायला लागतं, कोणाला जवळ घेतलेलं चालत नाही. आग हे हत्यार वगैरे लढाईपुरतं. एरवी ती या प्राण्यांच्या तब्येतीची आणि स्वभावाची तक्रारवही आहे. मला हे प्राणी आवडतात ते त्या वहीमुळे.

चारमँडर घ्या, तोच तो शेपटीला जाळ असलेला सरडा. साठ सेंटिमीटर उंच, वजन साडेआठ किलो. शेपटीच्या टोकाला जी ज्योत आहे तीच त्याचा जीव, विझली की खेळ खल्लास. पाऊस आला की तिथून वाफ निघते, हेही लिहून ठेवलंय. पहिल्या मालिकेत त्याचा एक भाग आहे. मालक 'इथेच थांब, मी येतो' म्हणून त्याला एका दगडावर बसवून जातो आणि परत येत नाही. हा बसलाय. पाऊस सुरू होतो. तो एक पान हातात धरतो, पण डोक्यावर नाही, शेपटीवर. स्वतः भिजला तरी चालेल, ज्योत भिजता कामा नये. पुढे मालिकेचा नायक ॲश आणि मंडळी त्याला उचलून नेतात, तो वाचतो, सगळं गोड होतं. पण शेपटीवर पान धरायचं ज्या माणसाला सुचलं त्याने हा प्राणी मनातल्या मनात पाळलेला असणार.

शिवाय पहिल्या खेळात चारमँडर घेणं हा आतबट्ट्याचा व्यवहार होता. पहिली मोठी लढत ब्रॉकशी, त्याच्याकडे सगळे दगडधोंडे. आगीने दगडाला काय होणार! ती कशीबशी पार पडली की दुसरी मिस्टीशी, तिच्याकडे सगळे पाण्यातले. ज्याने गवताचा निवडला तो दोन्हीकडे आरामात निघून गेला. आगवाला झुडपांतून चिल्लर पाखरं मारत बसला. एवढे हाल काढल्यावर त्या सरड्यावर जीव जडणारच.

मोठा होऊन त्याचा चारिझार्ड होतो. पंख, नव्वद किलो वजन, विमानासारखी झेप. पोस्टरवर हाच असतो, पोकेमॉनची चित्रं असलेल्या पत्त्यांच्या बाजारात भाव यालाच. स्पष्टच सांगतो, मला तो फुकाचा मिजासखोर वाटतो. मालिकेत ॲश एका महत्त्वाच्या सामन्यात त्याला मैदानात उतरवतो आणि हा लढायचं सोडून आडवा होतो. ॲश स्पर्धेबाहेर. पानाची छत्री धरणाऱ्या त्या पोराचं हे असं व्हावं याचं मला अजून वाईट वाटतं. आगीचे प्राणी मोठे झाले की रुबाबदार होतात आणि कंटाळवाणे होतात. वही कोरी राहते.

म्हणून लहानांकडेच बघावं. सिंडाक्विल हा एक भित्रा जीव, कायम पोक काढून बसलेला, डोळे मिटल्यासारखे. तो दचकला की पाठीवर ज्वाला भडकते. म्हणजे याची आग रागाची नाही, घाबरल्याची आहे. टॉर्चिक हे कोंबडीचं पिल्लू, अडीच किलोचं. पोटात आगीची पिशवी असल्यामुळे कुशीत घेतलं की ऊबदार लागतं, मालकाच्या मागे मागे धडपडत चालतं आणि त्याला अंधार आवडत नाही, कारण आजूबाजूचं दिसत नाही! पोटात भट्टी पेटलीये आणि खोलीतला दिवा मात्र दुसऱ्याने लावायचा. टेपिग हे डुकराचं पोर नाकातून जाळ काढतं. सर्दी झाली की जाळाऐवजी काळाकुट्ट धूर येतो. त्याला फळं भाजून खायला आवडतात, पण खायच्या उत्साहात ती कोळसा होईपर्यंत भाजली जातात. फ्युकोको नावाच्या नव्या मगरीची आगीची पिशवी इतकी छोटी आहे की आग डोक्याच्या खळग्यातून सतत गळत असते. वॉशर बदलून भागण्यासारखं नाही.

आता चिमचार. हे माकडाचं पिल्लू. आग मागच्या बाजूला, शेपटी असायची तिथे, आणि ती पोटात तयार होणाऱ्या वायूवर चालते. हे वाचल्यावर भाचीला हसू आवरेना, मग मलाही. आई मेथी निवडत होती. तिने चष्म्यावरून स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाली, "अरे, हा तर मारुती!"

खरंच की. शेपूट पेटलेलं माकड ही कल्पना आपल्याला काय जपानमधून आयात करायची आहे? लंका जाळून झाल्यावर मारुतीने शेपूट समुद्रात बुडवून विझवली, हे आपल्याकडे पोराटोरांना पाठ. चिमचारची आग मात्र पावसानेही विझत नाही, असं काकूंनी ठामपणे लिहिलंय. आणि त्याच चिमचारबद्दल दुसऱ्या ठिकाणी असंही लिहिलंय की झोपण्यापूर्वी तो स्वतःच ती आग विझवतो, कुठे काही पेटू नये म्हणून. सगळ्या आगवाल्यांत इतकी जबाबदारीची जाणीव दुसऱ्या कोणाला नाही. म्हण करणाऱ्यांनी माकडाच्या हाती कोलीत देऊन त्याची बदनामी केली. इथे माकड रोज रात्री कोलीत आवरून, हातपाय धुऊन झोपतंय. आईला हे सांगितल्यावर ती फक्त माझ्याकडे बघत राहिली. आमच्याकडे रात्री गॅसचा कॉक बंद केला का हे बघायला तिलाच उठावं लागतं, हा विषय मग मी वाढवला नाही.

म्हणीतलं कोलीत माकडाच्या हाती असलं तरी खऱ्या जगात ते घारीच्या पायात आहे. उत्तर ऑस्ट्रेलियात गवताला वणवा लागला की घारी आणि ससाणे त्याच्या कडेला घिरट्या घालतात, कारण जाळापुढे पळणारे सरडे, नाकतोडे आयते मिळतात. वणवा नदीपाशी किंवा रस्त्यापाशी अडला की यातले काही पक्षी जळती काटकी चोचीत किंवा नखांत धरून पलीकडच्या कोरड्या गवतात नेऊन टाकतात, असं तिथले आदिवासी कैक पिढ्या सांगत आलेत. त्यांच्या आणि आग विझवणाऱ्यांच्या हकिगती एकत्र करून २०१७ साली एक शोधनिबंध निघाला. त्यात एक नाव काळ्या घारीचं आहे, म्हणजे मुंबईच्या आभाळात फिरते तीच जात. इथे मासळीबाजार असल्यामुळे तिला एवढा उद्योग करावा लागला नसावा.

मांजरावाचून ही यादी पुरी कशी होणार? लिटन नावाचं काळं मांजर अंग चाटतं, केस पोटात जातात आणि त्या केसांचा गोळा पेटवून ते बाहेर फेकतं. खोकला जसा असेल तशी आग निघते. फार जवळ करायला गेलात तर हे मांजर मोकळं होत नाही, आणि एकदा ओळख झाली म्हणून लाड सुरू केलेत तर तेही खपवून घेत नाही. घरी मांजर असलेल्या माणसाला यात आगीखेरीज नवीन काही सापडणार नाही.

आकडे लिहिताना मात्र काकूंचा हात सैल सुटतो. मॅगकार्गो ही लाव्हाची गोगलगाय. तिच्या अंगाचं तापमान दिलंय सुमारे दहा हजार अंश सेल्सियस. सूर्याचा पृष्ठभाग साधारण साडेपाच हजारांवर आहे. म्हणजे ही बाई जिथून जाईल तिथे गल्लीच काय, तालुकाही उरायला नको. पण खेळात लोक हिला बरोबर घेऊन फिरतात कशासाठी? तर अंडी उबवायला. अंगात अशी धग असलेला प्राणी सोबत असला की अंडं निम्म्या पावलांत फुटतं, असा तिथे नियम आहे. सूर्याच्या जवळजवळ दुप्पट तापलेल्या जिवाला खुडूक कोंबडीचं काम लावलंय, आणि ती निमूट करतेय. डारुमाका नावाच्या गोलमटोल प्राण्याची लीद इतकी गरम असते की पूर्वी लोक ऊब यावी म्हणून ती कपड्यांत ठेवायचे. भाचीने "ईईई" केलं. सारवलेल्या घरात आणि गोवऱ्यांच्या चुलीजवळ वाढलेल्या आईला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. तिने एवढंच विचारलं, की वास येतो का.

पोनिटा या घोड्याची आयाळ ज्वाळांची असते, पण ज्याच्यावर त्याचा विश्वास बसला त्याला ती भाजत नाही. बहुतेकांना हा प्राणी फार आवडतो. मला ही सोय जरा जास्तच गोड वाटते, कारण विश्वास बसला की नाही हे हात लावल्याशिवाय कळणार कसं? आपल्या अग्निदेवाने या बाबतीत व्यवहार पाहिला. वाहन म्हणून मेंढा घेतला. लोकर सहजासहजी पेटत नाही आणि पेटलीच तरी जाळ बाजूला केला की आपणहून विझते. स्वार अग्नी असल्यावर घोडा, हत्ती, मोर घेऊन भागलं नसतं.

भाचीने शेवटी विचारलंच, मामा, तुला कुठला चालेल? तिला चारिझार्ड ऐकायचं होतं. मी म्हटलं, न्यूमेल. हा सत्तर सेंटिमीटरचा, चोवीस किलोचा, उंटासारखा दिसणारा ठोंब्या. फटका मारला तरी त्याला कळत नाही, भूक मात्र क्षणभर सोसत नाही. इथवर आमच्या घराण्याशी पत्रिका जुळते. पाठीच्या वशिंडात साधारण बाराशे अंशांचा लाव्हा, आणि हा आकडा मला पटतो, कारण खरा बेसाल्टचा लाव्हा वर येतो तेव्हा एवढाच तापलेला असतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी असाच रस थरावर थर साचून, थिजून आपला सह्याद्री झाला, तेव्हा न्यूमेल इथे कोणाला परका वाटू नये. अडचण एकच आहे. तो भिजला की आतला लाव्हा गोठतो, अंग जड होतं आणि चाल मंदावते. भाचीने हिशेब केला की आमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत तो जागचा हलणार नाही. जिन्याखाली पत्रा टाकून देऊ म्हटलं, तिथे सायकली आहेत त्या वर घेता येतील. फक्त ओले टॉवेल त्याच्यावर वाळत घालायचे नाहीत, हे आईला आधी सांगून ठेवावं लागेल.