दगडावरची तिथी: बेने इस्रायली कबर वाचताना

बेने इस्रायली म्हणजे आम्ही कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. फोन कधी इस्रायलातल्या अश्दोदहून येतो, कधी दिमोनाहून, कधी ठाण्यातूनच. बोलणं मराठीत आणि विचारणं एकच: "पणजोबांची तिथी कुठली धरायची?" कद्दीश, म्हणजे मृताच्या स्मरणाची प्रार्थना, म्हणायला हिब्रू महिना आणि दिवस लागतो. घरात मात्र इंग्रजी साल तेवढं ठाऊक असतं, तेही 'अमुकच्या आसपास'. मग रायगडातल्या एखाद्या ज्यू कबरस्तानात जाऊन दगड वाचणं आलं. त्यासाठी हिब्रू भाषा अस्खलित यायला हवी असं नाही. बावीस अक्षरं, बारा महिने आणि चार-पाच फसव्या जागा पाठ असल्या की बहुतेक दगड बोलतात. मी पाहिलेल्या चुका बहुतेक घाईने बेरीज केल्याच्या आहेत.

जायचं ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. पावसाळ्यात दगडावर शेवाळ चढलेलं असतं आणि गवत कमरेएवढं. पाऊस सरल्या सरल्या गेलात तर गवतात फुरसं असतं, म्हणून बूट घालूनच जा आणि काठी आपटत चाला. शनिवारी आणि सणाच्या दिवशी कबरस्तानात जात नाहीत, तेव्हा बेत रविवारचा करा. सोबत डोक्यावर टोपी, चार-पाच लिटर साधं पाणी, मऊ ब्रश, बांबूची काडी, टॉर्च आणि थर्मोकोलचा पांढरा तुकडा. तारेचा ब्रश, ॲसिड, ब्लीच, लिंबू यांतलं काही नको. संगमरवर आम्लाने खाल्ला जातो, आणि जांभ्या दगडावर ब्रश जोरात फिरवला की शेवाळासोबत अक्षराची कडही निघून येते. आधी पाणी ओतायचं, दहा मिनिटं थांबायचं, मग वरून खाली हलक्या हाताने घासायचं. खाचेतली माती काडीने काढायची. शेवाळ पूर्ण निघालं नाही तरी चालतं, वाचण्यापुरतं निघालं की पुरे.

वाचायची वेळ सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर. ऊन तिरपं हवं, म्हणजे खाचांत सावली पडते. भर दुपारी जो दगड कोरा वाटतो, त्याच्यावर संध्याकाळी पाच ओळी दिसतात. झाडाखालचा दगड असेल तर एका बाजूने टॉर्च धरा आणि समोरून थर्मोकोलने थोडा उजेड परतवा. फोटो निदान चार घ्या, चारी बाजूंनी उजेड टाकून. एकाच फोटोवरून घरी बसून वाचायला गेलं की घोटाळा ठरलेला. खडूने अक्षरं भरू नका. खडू भरणारा स्वतःला जे वाटतं तेच अक्षर उमटवतो, आणि पुढचा वाचणारा तेच खरं धरतो.

आता मजकूर. वर हिब्रू, खाली बाळबोध मराठी अशी रचना बऱ्याच दगडांवर असते, कुठे इंग्रजीही. सुरुवात नेहमी मराठीने करा. तिथे नाव, वय, 'ता. अमुक माहे अमुक सन' असं मिळतं. जुन्या मराठी दस्तऐवजांत मुलगा सांगायला 'बिन' आणि बायको सांगायला 'कोम' येतं. हिब्रूत मुलाला 'बेन', मुलीला 'बात'. बिन आणि बेन एकाच घरातले शब्द, त्यामुळे पुरुषांच्या दगडावर दोन्ही ओळी सहज जुळतात. बाईच्या दगडावर मात्र मराठीत नवऱ्याचं नाव आणि हिब्रूत बापाचं, असं होऊ शकतं. दोन वेगळी नावं दिसली म्हणून कबर दुसऱ्याची समजू नका.

नावांची जोडीही माहीत हवी. मराठीत सामाजी म्हणजे हिब्रूत शेमुएल, हसाजी म्हणजे यहेज्केल, मुसाजी म्हणजे मोशे, आबाजी म्हणजे अव्राहाम, इसाजी म्हणजे यित्झाक, एलोजी म्हणजे एलियाहू. मुंबईचं पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, 1796 मध्ये ज्यांनी उभं केलं ते सॅम्युअल इझिकेल दिवेकर म्हणजेच सामाजी हसाजी दिवेकर. ज्या मशिदीवरून मस्जिद बंदर हे नाव पडलं ती हीच, असं आमच्यात सांगतात. जुनी माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणायची. आडनाव हिब्रू ओळीत बहुतेक वेळा नसतंच. केहिमकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर ही ओळख गावावरून आलेली, ती मराठीतच शोधायची.

हिब्रूत आकडेही अक्षरांनीच लिहितात, म्हणून तारखेसाठी अक्षरांच्या किमती लागतात. अलेफ 1, बेत 2, गिमेल 3, दालेत 4, हे 5, वाव 6, झायिन 7, हेत 8, तेत 9. पुढे दहादहाने: योद 10, काफ 20, लामेद 30, मेम 40, नून 50, सामेख 60, आयिन 70, पे 80, त्सादी 90. मग कोफ 100, रेश 200, शीन 300, ताव 400. हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात आणि मोठी किंमत आधी येते. ज्या शब्दात शेवटच्या अक्षराआधी वर दोन बारीक रेघा आहेत तो आकडा असतो किंवा संक्षेप. इथेच पहिली ठेच.

ताव-नून-त्सादी-बेत-हे ही पाच अक्षरं दगडाच्या तळाशी सगळ्यात ठळक कोरलेली असतात. 'त्याचा आत्मा जीवनाच्या गाठोड्यात बांधला जावो' या वाक्याची ती आद्याक्षरं. त्यांची बेरीज केली तर 547 येते, म्हणजे 1787 साल! असा 'अठराव्या शतकातला' दगड सापडल्याचा आनंद मी दोनदा मोडलेला आहे. दोन्ही वेळा वरच्या ओळीत खरं साल होतं, शंभराहून जास्त वर्षांनी अलीकडचं. वरच्या टोकाला पे-नून असतं, 'इथे पुरला आहे'. त्याचीही बेरीज करायची नाही. सालाच्या लगेच पुढे लामेद-पे-कोफ दिसलं तर त्याचा अर्थ 'हजार सोडून मोजलेलं', एवढाच. ते 210 सालात मिळवलं की पणजोबा अजून जन्मायचे आहेत असं निघतं.

खरं साल हजार वगळून लिहितात. 5658 असेल तर दगडावर ताव-रेश-नून-हेत, 400 अधिक 200 अधिक 50 अधिक 8. त्यात 1240 मिळवले की 1898. हिब्रू वर्ष तिश्रीत, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतं, म्हणून तिश्री, हेश्वान आणि किस्लेव या महिन्यांना 1239 मिळवायचे (किस्लेवचे शेवटचे दिवस क्वचित जानेवारीत जातात). तेवेत डिसेंबर-जानेवारीच्या सांध्यावर असतो, तो कॅलेंडरवरच ताडून पाहावा. एक झटपट खूण लक्षात ठेवा: साल ताव-रेशने सुरू होत असेल तर मृत्यू 1839 च्या सप्टेंबरनंतरचा आणि 1939 च्या सप्टेंबरआधीचा, ताव-शीन असेल तर त्यानंतरचा, ताव-कोफ असेल तर 1839 च्याही आधीचा, आणि तसा दगड दिसला तर पुन्हा नीट बघा.

झिजलेली अक्षरं कशी चकवतात ते एकदा जवळून बघा. दालेत आणि रेश यांत फरक फक्त वरच्या उजव्या कोपऱ्याचा, दालेतचा कोपरा टोकदार आणि रेशचा गोल. कोपरा फुटला की 4 चे 200 होतात. पण महिन्याचा दिवस तीसच्या पुढे जात नाही, म्हणजे दिवसाच्या जागी रेश येऊच शकत नाही. तिथे तो दालेतच. हे, हेत आणि ताव यांचं भांडण जास्त अवघड. हेच्या डाव्या पायावर फट असते, हेतला ती नसते, तावच्या डाव्या पायाला बाहेर टाच असते. मातीने फट बुजली की 5 चे 8 होतात. 5655 च्या जागी 5658 वाचलं जातं ते याचमुळे, आणि तिथे मराठीतलं साल पंच म्हणून उपयोगी पडतं. वाव आणि झायिन, बेत आणि काफ, सामेख आणि शब्दाच्या शेवटी येणारा मेम याही जोड्या बोटाने चाचपून बघा. डोळ्याला न दिसलेली टाच बोटाला लागते.

15 आणि 16 हे आकडे योद-हे, योद-वाव असे लिहीत नाहीत, कारण ती देवाच्या नावातली अक्षरं. तेत-वाव (9 अधिक 6) आणि तेत-झायिन (9 अधिक 7) लिहितात. सालातही एक गंमत आहे. 5698 सरळ लिहिलं तर हिब्रूत 'तू खून करशील' असा शब्द होतो, म्हणून शेवटची दोन अक्षरं उलटवून हेत आधी आणि त्सादी नंतर कोरतात. 1937-38 च्या दगडावर हे दिसलं तर ती पाथरवटाची चूक नव्हे.

महिने ओळखणं त्या मानाने सोपं. आव हा दोनच अक्षरांचा असल्याने हरवतो, पण त्याच्या आधी 'मेनाहेम' असतं, ते शोधा. अदारपाशी थांबावं लागतं. मराठी पंचांगात अधिक महिना वेगवेगळ्या महिन्यांना लागतो. हिब्रू पंचांगात जादा महिना नेहमी अदारचाच, 19 वर्षांत 7 वेळा. वर्षाला 19 ने भागून बाकी 0, 3, 6, 8, 11, 14 किंवा 17 उरली तर ते अधिक वर्ष. साध्या वर्षाच्या अदारात गेलेल्या माणसाची तिथी अधिक वर्षी कुठल्या अदारात, यावर रूढी वेगळ्या आहेत. सेफार्दी पद्धतीत दुसरा अदार धरतात आणि आपली प्रार्थना त्याच वळणाची आहे. तरी आपल्या हज्जानला, म्हणजे सिनेगॉगात प्रार्थना चालवणाऱ्याला, विचारून ठेवा. 5787 ला 19 ने भागलं की बाकी 11, म्हणजे 2027 मध्ये हा प्रश्न येणारच.

दगडावरची इंग्रजी आणि हिब्रू तारीख एका दिवसाने चुकते अशी तक्रार नेहमीची. बहुतेकदा ती चूक नसते. हिब्रू दिवस सूर्यास्ताला बदलतो, त्यामुळे रात्री आठला गेलेल्या माणसाची इंग्रजी तारीख त्या दिवसाची आणि हिब्रू पुढची. हेबकॅलसारख्या संगणकी कॅलेंडरात 'सूर्यास्तानंतर' अशी वेगळी खूण करावी लागते. ती न करणं ही दुसरी मोठी चूक. कॅलेंडर नीट हाताळता येतंय का ते आधी माहीत तारखेवर तपासा: 15 ऑगस्ट 1947 चा दिवस म्हणजे 29 आव 5707, आणि 14 मे 1948 चा दिवस म्हणजे 5 इयार 5708. आकडा वेगळा आला तर खूण कुठेतरी चुकली.

दोन दिवसांहून जास्त फरक पडला तर मात्र अक्षर चुकीचं वाचलंय. अशा वेळी चंद्र कामाला येतो. हिब्रू महिना आपल्या मराठी महिन्यासारखाच अमावास्येनंतर सुरू होतो, म्हणजे 15 तारीख पौर्णिमेच्या आसपास. कालनिर्णयात त्या दिवशी वद्य चतुर्दशी आणि दगडावर तुम्ही 9 वाचताय, तर नऊच्या आधीचं एखादं अक्षर झिजलंय.

दगडच नसेल तर? तो प्रसंग बराच येतो. नवगावला जहाज फुटून आलेल्या पूर्वजांच्या म्हणून ज्या कबरी दाखवतात त्यांवर वाचण्यासारखं काही नाही, आणि गरिबाच्या कबरीवर नुसता ओबडधोबड धोंडा असायचा. मग घरातली तेफिलाची, म्हणजे प्रार्थनेची, पुस्तकं उघडा, पहिल्या-शेवटच्या कोऱ्या पानांवर जन्ममृत्यू लिहिलेले सापडतात. गावच्या सिनेगॉगची वही, नगरपालिकेचं मृत्यूचं रजिस्टर आणि घरातली सगळ्यात म्हातारी बाई, याच क्रमाने विचारा. म्हातारीला तारीख विचारू नका, सण विचारा. "बिरड्याच्या रोज्याच्या आदल्या दिवशी गेले" असं सांगितलं की आव महिना आणि आठवी तारीख हातात आली, कारण वालाच्या बिरड्यावरून नाव पडलेला तो उपास 9 आवचा. त्यातही पाचर आहे: 9 आव शनिवारी आला तर उपास रविवारी, 10 ला करतात. म्हणजे त्या वर्षीचा वार काढल्याशिवाय तिथी पक्की करायची नाही. 'दारफाळणीच्या सणाला' म्हणाली तर तो योम किप्पूर, 10 तिश्री. तिथे सरकण्याचा प्रश्न नाही. 'होळीच्या सणाला' म्हणाली तर आपला अदारातला पुरीम सण की हिंदूंची होळी ते विचारून घ्या, अधिक महिन्यामुळे दोहोंत कधीकधी महिन्याचं अंतर पडतं.

निघताना दगडाचा फोटो, मराठी मजकूर, हिब्रू अक्षरं जशी दिसली तशी, आणि शंका असलेल्या अक्षराखाली रेघ, एवढं कागदावर उतरवून घ्या. नातेवाईक नेहमी म्हणतात, अक्षरांत काळा ऑइलपेंट भरून घेऊ. फोटोवरून दुसऱ्या कुणीतरी वाचल्याशिवाय भरू नका. पेंटरला हिब्रू येत नाही, तो दालेतचा कोपरा छान गोल करून देतो. कबरीवर छोटा खडा ठेवावा, फाटकाबाहेर हात धुवावे.

आणि तिथी कळवताना एक ओळ जास्त लिहा. कॅलेंडर गुरुवार दाखवत असेल तर स्मरणाचा दिवा बुधवारी संध्याकाळी, सूर्य मावळायच्या आत लावायचा.