तुम्ही विचारलंत म्हणून: ऑस्ट्रेलियन रॅप ऐकायचा तर कोणापासून सुरू करू?

अ‍ॅडलेडला राहायला आल्यापासून हा प्रश्न मला कुठेही येतो, एकाने तर गणपतीत प्रसादाच्या रांगेत विचारला, की तू सारखा इथला रॅप ऐकतोस म्हणे, मग आम्ही कोणापासून सुरू करायचं? माझं उत्तर ठरलेलं आहे. सफा. (साफसफाईतला नाही हो.)

सफा म्हणजे मॅथ्यू लॅम्बर्ट, हिलटॉप हूड्स या तिघांच्या ग्रुपमधला रॅपर, आणि ग्रुपचे बरेचसे बीट्स पण त्याचेच. दुसरा रॅपर प्रेशर, आणि डीजे डेब्रिस. सफा आणि प्रेशर ब्लॅकवूडच्या शाळेतले मित्र, ग्रुप १९९४ चा. ब्लॅकवूड टेकड्यांमधलं उपनगर आहे, बेलेअरची ट्रेन वळणं घेत घेत वर चढते, दोन्ही बाजूंना निलगिरी, म्हणून ते हिलटॉप. पहिल्यांदा तिथे उतरलो तेव्हा हसूच आलं, इथे कसला रॅप, इथे तर माणसं कुत्रा फिरवताना अनोळखी माणसालाही गुड मॉर्निंग घालतात.

पण मला आवडलं ते हेच. हे लोक रॅप करतात ते इथल्या उच्चारात, माझ्या ऑफिसमधला माणूस वीकेंडला काय केलं सांगतो ना, अगदी तसं. तेव्हा इथले बरेच जण माइक हातात आला की अमेरिकन व्हायचे. आपल्याकडे नाही का, घरी झकास वऱ्हाडी बोलणारा पोरगा पुण्यात दोन महिने राहिला की एकदम वेगळंच बोलायला लागतो, तो प्रकार. आणि इथल्या उच्चारात रॅप म्हटलं की लोकांना ते विनोदीच वाटायचं, खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी मलाही वाटलं होतं.

आता मुख्य गोष्ट. १९९४ ला सुरू केलेलं काम लोकांपर्यंत पोचायला २००३ उजाडलं. त्या वर्षी ‘द कॉलिंग’ हा अल्बम आला, आणि तो रेकॉर्ड झाला सफाच्या आईच्या कम्प्युटरवर! सेटअप इतका साधा की अल्बममधला काही भाग चक्क मोनो आहे, म्हणजे डाव्या-उजव्या कानात तोच आवाज, हे त्यानेच नंतर एका मुलाखतीत सांगितलं. डिसेंबर २००४ मध्ये तो गोल्ड झाला, म्हणजे ३५ हजार कॉप्या, आणि त्याआधी एकाही ऑस्ट्रेलियन हिप हॉप अल्बमला ते जमलं नव्हतं. आपल्याकडे पोरगं आधी महागडा माइक मागतं आणि मग गाणं कशावर करू म्हणून विचारतं, जाऊ दे.

त्यातलं ‘द नोझब्लीड सेक्शन’ ऐकाच. मेलनी नावाच्या अमेरिकन गायिकेचं एक जुनं गाणं आहे, पुढच्या रांगेत बसलेल्या लोकांबद्दलचं, हळुवार, त्याचा तुकडा उचलून त्याखाली ड्रम्स घातलेत. गंमत अशी की नोझब्लीड सेक्शन म्हणजे खरं तर स्टेडियममधल्या सगळ्यात वरच्या, स्वस्तातल्या खुर्च्या, एवढ्या उंच की नाकातून रक्त येईल. आणि हिलटॉप हूड्स ते नाव देतात स्टेजसमोरच्या गर्दीला. माझ्या मते बरोबरच आहे, पुढे धक्काबुक्कीत नाक फुटायची शक्यता जास्त. ट्रिपल जे रेडिओवर श्रोते दरवर्षी मतं देऊन १०० गाणी निवडतात, त्यात २००३ च्या यादीत ते नववं आलं होतं, आणि २०२५ मध्ये आजवरच्या ऑस्ट्रेलियन गाण्यांची यादी काढली तेव्हा थेट दुसरं.

पुढचं पटकन सांगतो. २००६ चा ‘द हार्ड रोड’ ऑस्ट्रेलियाच्या अल्बम चार्टवर थेट एक नंबरवर गेला, हिप हॉपमध्ये इथला पहिलाच, आणि पुढच्या वर्षी तोच अल्बम त्यांनी अ‍ॅडलेड सिम्फनी ऑर्केस्ट्राला घेऊन पुन्हा केला. मग स्वतःचं म्युझिक लेबल काढलं, गोल्डन एरा, आणि तिथून ब्रिग्जसारखा योर्टा योर्टा या इथल्या मूळनिवासी समाजातला तगडा रॅपर पुढे आला. त्याच्यावर एकदा वेगळं लिहीन.

तर सुरुवात २००३ पासून करा. भारी हेडफोनच पाहिजे असं काही नाही, माझ्या इअरफोनचा डावा कान मार्चपासून बंद आहे, बेलेअरच्या ट्रेनमध्ये मी तोच घालून ऐकतो आणि त्या मोनो भागात तरी माझं काहीच चुकत नाही.